जालन्याची मी एकटीच

२४ एप्रिल, हॉस्टेल

माझी रूममेट मीना म्हणाली, मराठीत लिहीत जा, बोलताना तुझी मराठी पळती आणि कागदावर आली की लंगडती. म्हणून ही वही. मी इंग्लिश मीडियमची, घरी मारवाडी, बाहेर मराठी, कॉलेजात हिंदी. चुका होणारच. एक फायदा आहे पण. या अख्ख्या मजल्यावर मराठी फक्त आम्हा दोघींना वाचता येते, म्हणजे कुणी चोरून वाचायचं टेन्शन न्हाई. मीना वाचणार न्हाई. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची तिला सवयच न्हाई.

आज प्रोजेक्टचा व्हायवा झाला. पाणी गाळायची कँडल, जालन्याची माती आणि ज्वारीचा भुसा. भुसा भट्टीत जळून जातो, तिथं बारीक भोकं राहतात आणि पाणी त्यातून झिरपतं. आयडिया माझी, माती मीनाच्या घरची. तिचे वडील कुंभार आहेत, जुन्या जालन्यात. मी हे पहिल्याच स्लाइडवर मोठ्ठ्या अक्षरात टाकलं होतं, माझी पार्टनर पिढीजात सिरॅमिक घराण्यातली आहे म्हणून. टाळ्या पडल्या. सर म्हणाले, वा. मीना खाली बघून हसली. तिला बरं वाटलं असणार.

मंग फर्स्ट इयरच्या पोरींनी घेरलं. या सिरॅमिक ब्रँचला स्कोप काय, पप्पा म्हणतात बदलून घे. मी म्हणलं बसा. स्पार्क प्लगचा पांढरा भाग आपला, दाताची कॅप आपली, रॉकेट परत येताना जळू नये म्हणून लावतात त्या टाइल आपल्या. आमच्या जालन्यात इतक्या स्टील मिल आहेत, लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून जे अस्तर लागतं ते आपलं, ते नसलं तर भट्टीच वितळून जाईल. अर्धा तास बोलले असेन. शेवटी मीना म्हणाली, 'आणि माठ.' सगळ्या हसल्या.

आता सुट्टीत दीड महिन्याचं ट्रेनिंग शोधायचंय. सीनियर सांगतात, ट्रेनिंग जिथं होतं तिथंच बहुतेक नोकरी लागते. मला लागली न्हाई तर पप्पांचं कापडाचं दुकान आहे, लग्न आहे. मीनाला लागलीच पाहिजे. तिच्या वडिलांनी गल्लीत सगळ्यांचं ऐकून घेऊन तिला इतक्या लांब पाठवलंय. आम्ही ठरवलंय, जिथं जाऊ तिथं दोघी. एकीला मिळालं तर दुसरीचं नाव सांगायचं. मीच म्हणले हे. मीनानं फक्त हात पुढं केला.

३ मे, जालना

घर भरलंय. पारसभैयाचं लग्न पंधराला. भुवा, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, बारा दिवस आधीच येऊन बसली आणि सगळ्या घराचा ताबा घेतला. होणाऱ्या वहिनीच्या वडिलांची एमआयडीसीत स्टील मिल आहे, म्हणून आई रोज एकदा तरी सांगते की सगळं बराबर झालं पाहिजे.

भुवानं विचारलं, पलक काय शिकून राह्यली. आई म्हणाली, इंजिनियरिंग. भुवा म्हणाली, ते तर सगळेच शिकतात, कशातलं. आई म्हणाली, 'मटेरियल.' आईनं हा शब्द कुठून शोधून आणला माहीत न्हाई, पण आता पाठ झालाय. भुवा इतक्यात सोडणारी न्हाई. खोदून खोदून शेवटी तिला कळलंच. 'म्हणजे कपबशा,' म्हणाली. 'चार वर्षं बाहेर राहून कपबशा. अगं सदर बाजारात डझनानं मिळतात.'

मागच्या सुट्टीत मी तिला स्पार्क प्लगपासून सुरू करून समजावलं असतं. आज मीपण हसले.

त्यात चहा पिताना मी सवयीनं कप उलटा केला, खाली कोणत्या कंपनीचा शिक्का आहे ते बघायला. थोडा चहा होता हे विसरले. भुवाच्या मांडीवर. आता ती येणाऱ्या प्रत्येकाला तो डाग दाखवून सांगून राह्यली की आमच्या इंजिनियरची तपासणी चालू आहे.

आई रात्री जेवताना हळूच म्हणाली, ब्याई लोकांसमोर, म्हणजे वहिनीच्या माहेरच्यांसमोर, मातीबितीचं जास्त काढू नको, बेटा.

७ मे

मीनाचा फोन. त्यांच्याकडं माठांचा सीझन आहे, तिला श्वास घ्यायला फुरसत न्हाई. म्हणाली, ये की घरी, किती वर्षं नुसती येते येते म्हणती. मी म्हणलं लग्न झाल्यावर पक्कं. तिचं घर आमच्यापासून गाडीवर दहा मिनिटं पण नसेल. फोटोत इतक्यांदा बघितलंय की दाराची निळी चौकट पाठ झालीये.

मी तिला लग्नातलं सगळं सांगितलं, मेहंदी, संगीत, चाकपूजा तेराला. चाकपूजा कुणाकडं आहे, तिनं विचारलं. मी म्हणलं मला काय माहीत, आई म्हणते आपला कुंभार. मधेच नेटवर्क गेलं असावं. मंग म्हणाली, 'बरं. चांगलं होऊ दे.' आणि फोन ठेवला.

१३ मे

काय लिहू.

आमच्यात लग्नाच्या अगोदर घरच्या बायका वाजतगाजत कुंभाराच्या घरी जातात. त्याच्या चाकाला हळदकुंकू लावायचं, साथिया म्हणजे स्वस्तिक काढायचं, नाडा म्हणजे लाल दोरा बांधायचा, गहू-गूळ आणि कुंभारणीला साडी द्यायची. मंग तिच्याकडून नव्या घागरी डोक्यावर घेऊन यायचं. नवरदेवाच्या बहिणीनं पहिली घागर घ्यायची, म्हणजे मी. मी तर खूश होते. मनात म्हणलं, बघा, ज्याला हसता त्याच्याच पाया पडायला निघालात. कॉलेजात गेल्यावर हे सांगायचं असं पण ठरवून ठेवलं होतं.

ढोलवाला वळणावर थांबला आणि मला निळी चौकट दिसली.

मी एकदम शेवटी जाऊन उभी राहिले. आईनं ओढून पुढं आणलं, अगं तूच मागं कशी. अंगण सारवलेलं होतं. चाक धुऊन मधोमध ठेवलं होतं, बाजूला पाट, रांगोळी. मीनाचे वडील, साहेबराव, टोपी सारखी करत उभे. तिची आई गिरिजाबाई. आणि दारात मीना, डोक्यावरून ओढणी, हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे.

तिनं माझ्याकडं बघितलं, जसं बाकी सगळ्यांकडं बघितलं तसंच. मी हसणार होते. खरंच. तोंडसुद्धा उघडलं होतं. तेवढ्यात भुवा माझ्याकडं बोट करून म्हणाली, 'हिला इथंच ठेवून जा गं. हिचं कॉलेज हेच आहे.' सगळ्या बायका खो खो हसल्या. आणि मी पण हसले. सगळ्यात जोरात मीच हसले असेन.

झालं, ते हसल्यावर मंग ओळख दाखवायची कशी.

साहेबरावांनी चाकाला हातानं एक फेरा दिला, आईनं पूजा केली, गिरिजाबाईंनी साडी कपाळाला लावून घेतली. मी जमिनीकडं बघत होते. मीना ट्रे घेऊन माझ्यासमोर आली, मी ग्लास घेतला. हॉस्टेलात आम्ही एका बाटलीला तोंड लावतो. भुवानं हात नुसता हलवला, तिला तहान नव्हती म्हणे. रस्ताभर तर पाणी पाणी करत होती.

मंग भुवाची नजर मीनावर गेली. गिरिजाबाईंना विचारलं, पोरगी तुझी का, शिकते का काही. गिरिजाबाईंनी मीनाकडं बघितलं. मीनाच म्हणाली, 'कॉलेजला हाय.'

'कशाला?'

मी ग्लास दोन्ही हातांनी धरला. ती आता सांगणार, मंग भुवा विचारणार कुठलं कॉलेज, मंग सगळ्या माझ्याकडं बघणार.

'बी.ए.ला,' मीना म्हणाली.

'बरं बरं. मंग आता जल्दी लग्नाचं बघा,' भुवा म्हणाली आणि विषय संपला.

घागरी उचलायची वेळ आली. मी समोर उभी राहिले. मीनानं माझ्या डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, दाबून बघितली, त्यावर मोठी घागर आणि त्यावर लहान. दोन्ही रंगवलेल्या, पांढऱ्या आणि लाल नक्षीच्या. बाकीच्यांना साध्या होत्या, हे मी घरी येऊन बघितलं. ती अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, 'मान सरळ ठेव.' मंग मोठ्यांदा म्हणाली, 'सावकाश जा, ताई.'

ताई. तीन वर्षं ती मला पलके म्हणते.

१४ मे

रात्री विचार केला, एक गोष्ट बरी झाली. मीनासुद्धा आपली ब्रँच लपवते. म्हणजे मी एकटी न्हाई. तिलापण लोकांसमोर सिरॅमिक म्हणायला कसंतरी होत असणार, म्हणून बी.ए. सांगितलं. याचा अर्थ आम्ही दोघी सारख्याच. मी काही केलं असं न्हाईच, मी फक्त बोलले न्हाई. आणि कॉलेजात तर मी सगळ्यांसमोर तिचं नाव घेते, पहिल्या स्लाइडवर.

हे सगळं बराबर आहे. घागरी देवघरासमोर ठेवल्यात. तरी मी दुसऱ्या दारानं ये-जा करते.

१६ मे

लग्न झालं. वहिनी छान आहे. लिहायचं ते वेगळंच आहे.

काल दुपारी जेवणाच्या पंगतीत ब्याईजी, वहिनीचे वडील, पप्पांच्या शेजारी होते. मी वाढत होते. त्यांनी पप्पांना विचारलं, बिटिया काय करते. पप्पा म्हणाले इंजिनियरिंग. कशात? पप्पांनी आईकडं बघितलं, आई म्हणाली मटेरियल. मला काय झालं माहीत न्हाई, हातात जिलेबीचं ताट घेऊन मी म्हणाले, 'सिरॅमिक.'

भुवा लगेच म्हणाली, 'कपबशा.' पण ब्याईजी हसले न्हाईत. हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, भट्टीचं लायनिंग शिकवतात का तुम्हाला? मी म्हणलं तोच तर आमचा विषय. मंग ते आणि मी असे सुरू झालो की जिलेबी गार झाली. त्यांच्या भट्टीचं अस्तर लवकर झिजतं, दर वेळी परराज्यातून माणूस बोलवावा लागतो, तो येईपर्यंत भट्टी बंद. ते म्हणाले, असा माणूस घरातच आहे हे तुम्ही मला सांगितलं न्हाई. पप्पा एकदम ताठ बसले. भुवाचं तोंड उघडं ते उघडंच. माझ्या आयुष्यात मला इतकं भारी कधी वाटलं न्हाई.

'नऊ जूनपासून ये ट्रेनिंगला,' ब्याईजी म्हणाले. 'पण मिलमध्ये एकटी मुलगी बरी न्हाई वाटत. दोघी असाल तर बराबर. तुझ्या वर्गात जालन्याची आणखी कुणी आहे का?'

आई उभी होती. भुवा उभी होती. मीनाचं नाव घेतलं की कोण, कुणाची, कुठं राहते. भुवाला लगेच आठवलं असतं, ती तर बी.ए.ला आहे म्हणाली. म्हणजे मीनाच खोटी पडली असती. मी तिच्याच भल्याचा विचार केला, असं मला त्या क्षणी वाटलं. आता लिहिताना तसं वाटून न्हाई राह्यलं.

मी म्हणाले, 'न्हाई. जालन्याची मी एकटीच.'

ब्याईजी म्हणाले हरकत न्हाई, ऑफिसात एक बाई आहेत, त्यांच्याजवळ बसशील.

संध्याकाळपासून भुवा सगळ्यांना सांगून राह्यली, आमची पलक भट्टीची इंजिनियर आहे. मला हेच पाहिजे होतं ना. तीन वर्षांपासून हेच. आणि मी बाथरूमचं दार लावून नळ सोडून बसले.

२० मे

मीनाचा मेसेज, 'ट्रेनिंगचं काही जमलं का?' मी उत्तर दिलं, 'शोधून राह्यले.'

हे लिहिताना हात कसा चालला माझा.

सरांचे दोन मिस्ड कॉल आहेत, एक तर तेराचाच. रिपोर्ट मागत असतील. रिपोर्ट मीनाबरोबर बसून लिहायचाय, म्हणून त्यांनापण फोन केला न्हाई.

२६ मे

मीनाचा परत मेसेज. 'सरांचा फोन उचल.' एवढाच. उघडला आणि फोन उशीखाली ठेवला. तिच्या नावाकडं बघितलं की मान अवघडल्यासारखी होते.

वहिनीनं आज कपाट लावताना विचारलं, तुमची हॉस्टेलची मैत्रीण लग्नाला आली न्हाई का, फोनमध्ये तर सगळे फोटो तिच्याबरोबरचेच आहेत. मी म्हणलं ती गावाला गेल्ती.

एका खोट्यावर किती घागरी रचायच्या.

२ जून

आज सरांचा फोन उचलला. नाइलाजानं, पप्पांसमोर वाजला.

सर चिडलेले होते. म्हणाले, तुला नोकरी करायची आहे की न्हाई? गुजरातेत एका मोठ्या कारखान्यात, जिथं भट्ट्यांच्या विटा करतात, तिथं त्यांनी आमच्यासाठी शब्द टाकला होता. मुलाखत न्हाई, काही न्हाई, फक्त हो म्हणायचं होतं. महिनाअखेरपर्यंत वाट बघून त्यांनी माझी जागा एका मुलाला दिली. मीना दोन-तीन दिवसांत निघेल.

मी विचारलं, सर, माझं नाव तुम्हाला कुणी दिलं?

ते म्हणाले, मीनानं, आणखी कुणी देणार. मी तिला एकटीलाच विचारलं होतं, मार्क तिचेच जास्त आहेत. ती म्हणाली दोघींना द्या. मी म्हणलं पलक फोन उचलत न्हाई. तर म्हणाली, तिच्या भावाचं लग्न आहे सर, ती गडबडीत आहे, आज सकाळीच त्यांची पूजा आमच्या घरी झाली.

आज सकाळीच. म्हणजे चाकपूजेच्याच दिवशी. मी ग्लास परत देऊन, घागर घेऊन निघून आल्यावर, तिनं सरांचा फोन घेतला आणि माझं नाव सांगितलं.

सरांचा राग तेवढ्यात उतरला. म्हणाले, चला, पण छान आहे, इतका घरोबा आजकाल कुठं असतो, लग्नाची पूजा मैत्रिणीच्या घरी. मला म्हणावंसं वाटलं, कसली मैत्रीण मी. पण तोंडातून निघालं, 'हो सर.'

ती ब्रँचला लाजली म्हणून बी.ए. म्हणाली, असं मी वर लिहून ठेवलंय. चौदा तारखेला. फाडणार होते ते पान. न्हाई फाडत. राहू दे.

३ जून

सकाळी ब्याईजींना फोन केला. म्हणलं, माझ्या वर्गात जालन्याची आणखी एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा हुशार. ते म्हणाले, मंग त्या दिवशी न्हाई का म्हणालीस? मी म्हणलं लक्षात आलं न्हाई. थोडं थांबून म्हणाले, 'घेऊन ये. नाव काय?' मी म्हणलं मीना.

मला हलकं वाटलं. गाडी काढून सरळ तिच्या घरी गेले. निळ्या चौकटीसमोर उभी राहून पाठ केलेलं बोलणार होते, काकू, मी मीनाची रूममेट. गिरिजाबाई माठ पुसत होत्या. मान वर केली आणि म्हणाल्या, 'ये पलक. आत ये, ऊन लागंल.'

मी तर अजून नाव सांगितलंच नव्हतं.

'लग्न चांगलं झालं ना? दिवाळीला तुझ्या आईच्या हातची मठरी मीनानं आणल्ती, आम्ही आठ दिवस पुरवून खाल्ली,' त्या म्हणाल्या. साहेबरावांनी माझ्यासाठी बाज झटकली. त्या दिवशी या दोघांनी माझ्याकडं एकदासुद्धा बघितलं नव्हतं. मला तेव्हा वाटल्तं, नशीब.

मीना बॅग भरत होती. मी तिच्याकडं न बघता मिलचं सगळं सांगून टाकलं. दोघी जाऊ, इथंच, घरून डबा नेता येईल, खर्चा काहीच न्हाई, मी ब्याईजींना तुझं नाव सांगितलंय. मला वाटलं ती उडी मारेल. खरं लिहायचं तर मला वाटलं ती थँक्यू म्हणेल.

ती कपड्याची घडी करत राहिली. मंग विचारलं, 'कोण म्हणून सांगितलं?'

'मीना म्हणून.'

'अन् कुणाची मीना?'

मी तिच्या बॅगेची चेन उघडझाक करत राहिले.

ती रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, पलके, तुमच्या ब्याईजींच्या घरीपण माठ आमच्याच गल्लीतून जातात. मिलच्या दारात कुणी ओळखलं तर मला परत बी.ए.ला जावं लागंल. तिकडं गुजरातेत मला कुणी काही विचारत न्हाई, बराबर आहे माझं.

मंग माझा हात धरून म्हणाली, चहा घे. कप तिनं आधी रिकामा उलटा करून दाखवला, खालचा शिक्का बघून घे म्हणून. मी हसायला गेले आणि रडले. गिरिजाबाई आत आल्या, बघितलं आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.

मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. 'ठीक आहे' म्हणजे माफ केलं असं मला न्हाई वाटत.

५ जून

आज मीना गेली.

मीच म्हणलं होतं, बसस्टँडला मी सोडते. संभाजीनगरची बस, तिथून पुढं ट्रॅव्हल्स. साहेबरावांनी बॅग माझ्या पायाशी ठेवली. मीना मागं बसली. गल्लीतून बाहेर आले आणि गाडी उजवीकडं, लांबच्या रस्त्याला घातली. विचार करून न्हाई. हातानं आपोआप घातली. डावीकडं गेलं की मस्तगड येतं, पप्पांचं दुकान येतं, आणि दुकानात भुवा परत जायच्या आधी साड्या निवडत बसलेली, हे सकाळीच घरी बोलणं झाल्तं.

थोडं पुढं गेल्यावर मीना मागून म्हणाली, 'मस्तगडावरून जवळ पडलं असतं.'

बस. एवढंच. टोमणा पण नव्हता त्यात.

मी ब्रेक दाबला. ती म्हणाली चल, बस सुटंल. मी गाडी फिरवली.

दुकानासमोर थांबले. पप्पा गादीवर होते. भुवासमोर साड्यांचा ढीग. मी मीनाला घेऊन वर चढले. ती पायरीवरच थांबून राह्यली होती, मी मनगट धरून वर घेतलं.

पप्पा म्हणाले, 'अरे, ही तर आपल्या साहेबरावांची.'

'हो काका,' मीना म्हणाली.

मी म्हणाले, 'पप्पा, ही मीना. माझ्या वर्गात आहे, सिरॅमिकला. तीन वर्षं आम्ही एकाच खोलीत राहतो. ट्रेनिंगला चाललीये, गुजरातला. तिला माझ्या आधी निवडलं.'

भुवानं साडी खाली ठेवली. 'ही तर बी.ए.ला आहे म्हणाली होती ना गं.'

'माझ्यामुळं म्हणाली,' मी म्हणाले. 'मी ओळख दाखवली न्हाई म्हणून.'

दुकानातला नोकर साडीची घडी घालायचा थांबला. मला वाटलं आता भुवा काहीतरी बोलणार. तिनं साडी परत उचलली. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते मीनाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

'तीन वर्षं,' ते म्हणाले. 'आणि एकदा जेवायला घरी आणली न्हाईस?'

मी इतके दिवस सगळं त्यांच्यावर, आईवर, भुवावर ढकलून राह्यले होते. त्या एका वाक्यानं ते सगळं परत माझ्याकडं आलं. आणलं असतं तर ते काय म्हणाले असते, मला माहीत न्हाई. कारण मी विचारलंच न्हाई कधी.

पप्पांनी दुकानातल्या माठातून स्वतः पाणी काढून मीनाला दिलं. तिनं ते पिऊन माठाच्या गळ्यावरून बोट फिरवलं. 'आमचाच आहे,' म्हणाली. भुवा साड्यांकडं बघून राह्यली.

बस लागलेलीच होती. मीना खिडकीजवळ बसली. मी खाली उभी. म्हणलं, रिपोर्ट मी लिहून टाकते, तू तिकडं टेन्शन घेऊ नको. ऑगस्टमध्ये फायनल प्रेझेंटेशन आहे.

'लिही,' ती म्हणाली. 'पहिली स्लाइड मी करीन.'

मी हो म्हणाले. ड्रायव्हर चढला, बस हलली, मीनानं हात केला. मला वाटलं आपलं परत जमलं, काम वाटून घेतलंय म्हणजे जमलंच.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. ती स्लाइड काढली. माझी पार्टनर पिढीजात सिरॅमिक घराण्यातली आहे. मोठ्ठ्या अक्षरात, मागं त्यांच्या अंगणातल्या चाकाचा फोटो. खाली कोपऱ्यात माझं नाव, रोल नंबर.

मीनाचं नाव त्यात न्हाईच.